दुसऱ्या उमेदवारीची शाळा : मुक्त विद्यापीठाच्या संगणकशिक्षणाची वाटचाल, नांदगावातून पाहताना

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पस्तिशी ओलांडली आहे. कुलगुरू, इमारती, विद्याशाखा आणि विद्यार्थिसंख्या यांच्या अंगाने विद्यापीठाचा इतिहास सांगता येतो. या लेखात त्यातला एकच धागा घेतला आहे. एक काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळू पाहणाऱ्या संसारी माणसाला या विद्यापीठाने आणि त्याच्या जोडीने उभ्या राहिलेल्या संस्थांनी संगणक कसा शिकवला, प्रोग्रॅमिंगपर्यंत त्याला किती नेले आणि नोकरीच्या दारात पुढे काय झाले, एवढेच येथे पाहायचे आहे. नाशिकच्या मुख्यालयातून हा धागा जसा दिसतो, त्याहून नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातून तो बराच निराळा दिसतो.

नांदगावची पार्श्वभूमी

नांदगावावर धंदा बदलण्याची वेळ फार पूर्वीच आली होती. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडे सरकला आणि नांदगावला स्टेशन झाले. औरंगाबादला तेव्हा रेल्वे नव्हती. वेरूळची लेणी पाहायला निघालेला मुंबईचा प्रवासी नांदगावला उतरे आणि पुढची वाट टांग्याने कापी. त्या काळच्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत वेरूळच्या वाटेवरचे स्टेशन म्हणून नांदगावचे नाव येते. १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलखात जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. जंक्शनचा मान मनमाडकडे गेला, नांदगावची वर्दळ ओसरली आणि त्या रस्त्यावर ज्यांचे पोट होते त्यांना दुसरा उद्योग पाहावा लागला.

आजचा तालुका पावसाच्या भरवशावर जगणारा आहे. कांदा आणि मका ही शेती, बाजार समितीतला लिलाव हा व्यापार. मनमाडला रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना आणि अन्न महामंडळाची गोदामे, तर पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो. पक्क्या नोकऱ्या म्हणाव्या तर एवढ्याच, आणि त्यांच्या जागा मोजक्या. विशीतला मुलगा नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा पुण्याच्या हिंजवडीला निघून जातो. पस्तिशीतल्या माणसाला तसे निघता येत नाही. घरी म्हातारे आईवडील असतात, मुलांची शाळा असते, सोसायटीचे कर्ज असते. नाशिक येथून सुमारे शंभर किलोमीटर. रोज जाऊन-येऊन पूर्णवेळ कॉलेज करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. अशा माणसाला शिकायचे असेल तर शिक्षणानेच त्याच्याकडे यायला हवे होते.

स्थापना

हा विचार जगात नवा नव्हता. ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली. आपल्याकडे पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला झाले. १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आले आणि १९८७ मध्ये कोटा व नालंदा ही दोन विद्यापीठे निघाली. महाराष्ट्राचे विद्यापीठ या ओळीतले पाचवे. विधिमंडळाच्या कायद्याने १ जुलै १९८९ रोजी ते स्थापन झाले.

यशवंतरावांचे नाव आणि नाशिकचे ठिकाण यांचा मेळ सहज जुळणारा होता. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. गंगापूर धरणाच्या परिसरात विद्यापीठाचे आवार उभे राहिले. त्याला ‘ज्ञानगंगोत्री’ हे नाव मिळाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरले.

पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू असलेल्या ताकवल्यांनी या विद्यापीठाची घडी बसवली. पुढे ते इग्नूचेही कुलगुरू झाले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळात मुरलेल्या दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे प्रवेशाची अट सैल करणे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीला बसता येऊ लागले. दुसरी म्हणजे स्वतःच्या इमारती बांधत न बसता गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे सुरू करणे. शिकवणाऱ्याला येथे ‘समंत्रक’ म्हणतात, वर्गाला ‘संपर्क सत्र’. ती सत्रे प्रामुख्याने सुटीच्या दिवशी. बाकीचा अभ्यास घरी, मराठीतून, स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांवर. ही पुस्तके घटकवार आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तशी लिहिलेली. मध्येच थांबून उत्तर लिहायला लावणारे प्रश्न त्यांत असत. दुकान बंद केल्यावर रात्री पुस्तक उघडणाऱ्याला ही रचना उपयोगाची होती.

संगणक तालुक्यात आला

विद्यापीठाचा जन्म आणि महाराष्ट्रातली संगणकाची लाट एकाच काळातली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. वर्तमानपत्रांतून ही नावे घरोघर पोचली. शहरांत एनआयआयटी आणि ॲपटेकचे वर्ग भरू लागले. त्यांची फी तालुक्यातल्या माणसाला परवडणारी नव्हती आणि वर्गही तेथेच, शहरात. केंद्र सरकारच्या डोएक योजनेतून ‘ओ लेव्हल’, ‘ए लेव्हल’ अशा परीक्षा सुरू झाल्या. हीच संस्था पुढे नायलिट झाली. इग्नूनेही संगणकाचे अभ्यासक्रम काढले, पण त्यांचे साहित्य इंग्रजीतले. मुक्त विद्यापीठाचे संगणक अभ्यासक्रम याच दशकात आकाराला आले. प्रमाणपत्र, पदविका आणि मग बीसीए अशी पायरीपायरीने चढण्याची सोय त्यांत होती.

अभ्यासकेंद्रावरची परिस्थिती मात्र बेताची असे. पुस्तक घरी वाचता येते. प्रात्यक्षिकाला यंत्र लागते. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावात घरी संगणक असणे ही अपवादाची गोष्ट होती. केंद्रावर यंत्रे थोडी आणि विद्यार्थी जास्त, त्यामुळे एकेका पडद्यापुढे दोघे-तिघे बसत. त्यातला एक जण टंकत असे आणि बाकीचे पाहत. पाहणाऱ्यांत बहुधा वयाने मोठे असलेले विद्यार्थी असत, कारण कीबोर्डवर चूक करायची त्यांना लाज वाटे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने आणखी भर घातली. प्रात्यक्षिकाचा तास विजेच्या वेळापत्रकाला बांधला गेला. रविवारी वीज असेल तेव्हा प्रात्यक्षिक आणि नसेल तेव्हा फळ्यावर फ्लोचार्ट, असा कारभार अनेक केंद्रांनी निभावून नेला.

एमएस-सीआयटीचे पर्व

तालुक्यातल्या प्रौढांना संगणकापुढे बसवण्याचे श्रेय द्यायचे तर मोठा वाटा आणखी एका संस्थेचा आहे. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली. विवेक सावंत हे तिचे संस्थापक व्यवस्थापकीय संचालक. एमएस-सीआयटी हा तिचा पहिला आणि सर्वांत गाजलेला अभ्यासक्रम. गावातल्या खासगी क्लासलाच अधिकृत केंद्र करायचे, अभ्यासाचे साहित्य संगणकावरच द्यायचे, तेही मराठीत, आणि प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे द्यायचे, अशी तिची मांडणी होती. पुढच्या दोन दशकांत एक कोटीहून अधिक लोकांनी तो अभ्यासक्रम केला.

या आकड्यामागे हौसेइतकीच सक्तीही होती. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी ३१ डिसेंबर २००७ पर्यंत संगणक अर्हता मिळवावी, नाहीतर वेतनवाढ थांबेल, असा आदेश निघाला. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. त्यामुळे पंचेचाळिशीतले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक आणि लिपिक एकाच वेळी आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांपुढे शिकायला बसले. त्या वर्षांत संध्याकाळच्या बॅचला पोरांपेक्षा पोक्तांची गर्दी असे. माउस धरताना हात थरथरणाऱ्या माणसाला पहिले काही दिवस पत्त्यांचा खेळ खेळायला लावायचा, ही क्लासचालकांची ठरलेली युक्ती होती. सक्तीने आलेल्या या पिढीने गावाला एक गोष्ट दाखवून दिली. चाळिशीनंतरही संगणक शिकता येतो, त्यासाठी इंग्रजी शाळेत गेलेले असावे लागत नाही.

पहिला पोटबदल

एमएस-सीआयटीनंतर तालुक्यात जी कामे निर्माण झाली ती संगणक चालवण्याची होती, प्रोग्रॅम लिहिण्याची नव्हती. टायपिंग इन्स्टिट्यूटचे उदाहरण बोलके आहे. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट ही परीक्षा म्हणजे कारकुनीचा परवाना होता. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २००९ साली टाइपरायटरचे उत्पादन थांबवले. सरकारी टंकलेखन परीक्षाही पुढे संगणकावर गेली. ज्यांची उपजीविका यंत्रांच्या खडखडाटावर चालली होती त्यांनी तीच बाके ठेवून वर संगणक मांडले. ज्यांना ते जमले ते टिकले. लग्नपत्रिका, जाहिराती आणि स्मरणिका जुळवणारे डीटीपीवाले हेही याच पिढीचे. सी-डॅकने तयार केलेले मराठी फॉन्ट आणि आज्ञावल्या त्यांच्या हाताशी होत्या.

ग्रामपंचायतींत २०११ पासून संग्राम प्रकल्पातून संगणक परिचालक बसले. पुढे त्याच कामाची आपले सरकार सेवा केंद्रे झाली. सातबारा संगणकावर आला, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर सुरू झाली. दाखले, उतारे, पीकविमा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी दुकाने तहसील कचेरीच्या आसपास उभी राहिली. शेती सोडलेल्या किंवा शेतीला जोड शोधणाऱ्या अनेकांचा हा पहिला पोटबदल.

या कामाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. परिचालकांना वेळेवर मानधन मिळण्यासाठी आणि कर्मचारी म्हणून दर्जा मिळण्यासाठी वारंवार आंदोलने करावी लागली. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरणारा माणूस त्या संकेतस्थळाच्या मर्जीवर असतो. नवे ॲप आले आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून अर्ज भरू लागला की दुकानातली गर्दी तेवढी कमी होते. जो संकेतस्थळ बांधतो त्याला मोल जास्त, हे हळूहळू सगळ्यांना कळले. प्रौढ विद्यार्थी प्रोग्रॅमिंगकडे वळला तो येथून.

प्रोग्रॅमिंगची चढण

संगणक चालवणे आणि संगणकाला काम सांगणे यांत मोठे अंतर आहे. एमएस-सीआयटीला हात सरावला की भागते. प्रोग्रॅमिंगला विचाराची शिस्त लागते. प्रश्नाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा यंत्राला समजेल असा लिहायचा, चुकले तर कोठे चुकले ते स्वतः शोधायचे. चुकीचा संदेश पडद्यावर इंग्रजीत येतो. मराठी पुस्तकावर शिकलेल्याची गाडी नेमकी तेथे अडते.

आणखी एक अडचण अभ्यासक्रमाच्या वेगाची होती. देशभरातल्या कॉलेजांत आणि क्लासांत सी भाषा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकवली जाई. बोरलँड कंपनीचा हा कंपायलर १९८७ सालचा. बाजार फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिककडून जावा, पीएचपी, अँड्रॉइड आणि पायथनकडे गेला, तरी प्रयोगशाळांत निळा पडदा राहिला. विशीतला विद्यार्थी पदवीनंतर एखाद-दोन वर्षे पुण्यात राहून नवे शिकून घेतो. ज्याच्याकडे तेवढी वर्षे नाहीत, त्याला या मागासलेपणाचा फटका जास्त बसला.

या दोन अडचणींवर उपाय निघाले तेही शिक्षणसंस्थांतूनच. मुंबई आयआयटीचे प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, पीएचपी अशा विषयांवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे निवेदन मराठीतही आहे. पाठ ऐकायचा, थांबवायचा, तेच शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे, ही पद्धत एकट्याने शिकणाऱ्याला सोयीची. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि असे पाठ गावात बसून पाहता येऊ लागले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे स्वयम् व्यासपीठ आले. एमकेसीएलने क्लिक या मालिकेत प्रोग्रॅमिंगचे छोटे अभ्यासक्रम आणले. महाराष्ट्रात या मालिकेतल्या परीक्षांची गुणपत्रिका मुक्त विद्यापीठाची मिळते. विद्यापीठ आणि एमकेसीएल यांच्या वाटा येथे जुळल्या.

किती शिकले म्हणजे नोकरी मिळते, याचा अंदाज तासांवरून येतो. क्लिकमधले अनेक अभ्यासक्रम १२० तासांचे आहेत. सी-डॅकचा प्रगत संगणन पदविका अभ्यासक्रम, ज्याला सगळे ‘डॅक’ म्हणतात, ९०० तासांचा, पूर्णवेळ, सहा महिन्यांचा आहे. प्रवेशपरीक्षा देऊन अभियांत्रिकी किंवा तत्सम पदवीधरच त्याला बसतात आणि शेवटी कंपन्या मुलाखतीला येतात. पहिल्या अभ्यासक्रमाला कोणालाही प्रवेश आहे, पण तो चवीपुरता. दुसरा पुरेसा आहे, पण त्याचे दार अरुंद. नांदगावच्या दुकानदाराला किंवा खासगी शाळेतल्या विनाअनुदानित शिक्षकाला या दोहोंच्या मधली शिडी हवी असते: आठवड्याला दहा-बारा तास, दीड-दोन वर्षे, आणि शेवटी दाखवता येईल असे स्वतःचे काम. मुक्त विद्यापीठाची पायरीपायरीची रचना या शिडीच्या सर्वांत जवळ जाते.

नोकरीच्या दारात

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न कागदावर लवकर सुटला. दूरशिक्षणातून मिळालेल्या रीतसर पदव्या केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ग्राह्य धराव्यात, अशी अधिसूचना केंद्राने १ मार्च १९९५ रोजी काढली. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुन्हा स्पष्ट केले की मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची आहे. सरकारी सेवेत, बढतीत आणि स्पर्धा परीक्षांत मुक्त विद्यापीठाच्या पदवीने हजारो संसार सावरले. पोलीस, एसटी, महावितरण, पोस्ट, अंगणवाडी, कोणत्याही खात्यात विचारले तरी मुक्त विद्यापीठाचा एखादा पदवीधर भेटतोच.

खासगी आयटी कंपन्यांचे दार निराळ्या कुलपाचे निघाले. मोठ्या कंपन्यांच्या नवोदितांच्या भरतीत अटींचा एक साचा पडून गेला: दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत साठ टक्के, शिक्षणात मोठा खंड नसावा, पदवी पूर्णवेळ असावी. एकेक अट वाचली तर साधी वाटते. तिन्ही एकत्र आल्या की क्षेत्र बदलू पाहणारा माणूस नेमका गाळला जातो, कारण खंड असणे आणि अर्धवेळ शिकणे हीच तर त्याची ओळख आहे. परीक्षेत तो काय लिहू शकतो, हे पाहण्याआधीच संगणकावरचा अर्ज त्याला नाकारतो. त्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांबद्दल निकाल दिला. मुक्त विद्यापीठाच्या बीसीएशी त्याचा संबंध नव्हता, तरी घराघरांत शंका मात्र उत्पन्न झाली.

मग प्रौढ विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगची वाट बंदच होती काय? तसे नाही. समोरचे दार बंद असले तरी बाजूची दारे उघडी होती आणि आहेत. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या टक्केवारीपेक्षा हातातले काम पाहतात. चाचणी, ग्राहकसाहाय्य, संकेतस्थळांची देखभाल, हिशेबाच्या आज्ञावलीची बसवणूक या कामांत नवखा पण समजूतदार माणूस चालतो, पुष्कळदा हवाच असतो. येथे त्याचे आधीचे आयुष्य उपयोगी पडते, ही गोष्ट अभ्यासकेंद्रांवर पुरेशी बोलली जात नाही.

कांद्याच्या लिलावाचेच पाहा. बाजार समितीत किंवा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आवक, वाहनक्रमांक, लिलावाचा भाव, वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी या सगळ्यांचा क्रम पाठ असतो. डेटाबेस शिकवताना कॉलेजच्या मुलाला तक्ता म्हणजे काय, कोणता क्रमांक एकमेव असला पाहिजे, एका नोंदीशी दुसरी कशी जोडायची, हे समजावून सांगावे लागते. दिवाणजीला ते आधीच येते. त्याची एकच पावती दोनदा फाडली गेली तर काय घोळ होतो, हे त्याने भोगलेले असते. त्याला फक्त एसक्यूएलचे व्याकरण शिकायचे उरते. रेल्वेच्या पार्सल कार्यालयातला माणूस, औषध दुकानदार, पतपेढीतला रोखपाल, अंगणवाडीचे तक्ते भरणारी सेविका, प्रत्येकाजवळ असे एकेक क्षेत्र असते. त्या क्षेत्राची आज्ञावली बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीला असा माणूस नुसत्या नवोदितापेक्षा उपयोगाचा. क्षेत्र बदलायचे म्हणून जुने सगळे टाकून द्यायचे नसते. जुन्याच्या आधाराने नव्यात पाय रोवायचा असतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी ठळक होते. लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे शिक्षण सुटलेल्या असंख्य स्त्रियांनी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली. कंपन्यांच्या भाषेत त्यांचा ‘गॅप’ दहा-बारा वर्षांचा. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची रीत पडली, तेव्हा तालुक्याच्या गावात राहून संकेतस्थळांचे आणि माहिती तपासण्याचे काम करणे शक्य झाले. ही वाट अजून पायवाटच आहे, पण ती नांदगावपर्यंत येते, हे महत्त्वाचे.

आजची स्थिती

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रोग्रॅमही लिहू लागली आहेत. नवोदितांना दिली जाणारी साधी, ठरीव कामे यंत्राकडे जात आहेत. निव्वळ भाषेचे व्याकरण पाठ करून नोकरी मिळवण्याचे दिवस त्यामुळे मागे पडतील. दुसऱ्या बाजूने, चुकीचा इंग्रजी संदेश मराठीत समजावून घेण्याची सोय आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आली आहे. ज्याला कामाचे क्षेत्र कळते, प्रश्न नेमका मांडता येतो आणि आलेले उत्तर तपासता येते, त्याची किंमत वाढेल. या तीन गोष्टींपैकी पहिली प्रौढ विद्यार्थ्याजवळ आधीच असते. उरलेल्या दोन शिकवणे हे अभ्यासकेंद्राचे काम आहे.

पस्तीस वर्षांचा हिशेब असा निघतो. प्रवेशाचे दार उघडणे, घराजवळ शिकवणे आणि मराठीत शिकवणे ही तीन कामे मुक्त विद्यापीठाने आणि एमकेसीएलने केली, आणि चांगली केली. संगणक ही शहरातल्या इंग्रजी शिकलेल्यांची मक्तेदारी राहिली नाही, हे या संस्थांचे यश निर्विवाद आहे. चौथे काम, शिकलेल्या माणसाला नोकरीपर्यंत पोचवणे, अपुरे राहिले. प्रमाणपत्र हाती दिल्यावर संस्था थांबली आणि विद्यार्थ्याने पुढे एकट्याने चालावे, अशीच अपेक्षा राहिली. विशीतल्या मुलाला कॉलेजचा प्लेसमेंट कक्ष असतो. पस्तिशीतल्या माणसाला मित्र, ओळखी आणि नशीब यांवर विसंबावे लागते.

पुढचे काम आणि आवाहन

हे चौथे काम करायला नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. प्रत्येक अभ्यासकेंद्राने शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याकडून त्याच्याच जुन्या धंद्यातला एक खरा प्रश्न सोडवणारा प्रकल्प करून घ्यावा. लायब्ररी आणि कर्मचारी यांचे तेच तेच तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आणण्याची प्रथा बंद व्हावी. गावातली पतपेढी, दूध संस्था, बाजार समिती, दवाखाना यांनी अशा प्रकल्पाला आपली अडचण आणि दोन महिन्यांची उमेदवारी द्यावी. नोकरी मागताना गुणपत्रिकेच्या जोडीला चालणारे काम दाखवता आले, तर टक्केवारीची अट शिथिल करणारे मालक भेटतात.

नाशिकच्या उद्योजकांना विनंती आहे की भरतीच्या जाहिरातीतली ‘पूर्णवेळ पदवी’ आणि ‘खंड नसावा’ ही दोन वाक्ये त्यांनी एकदा काढून पाहावीत. परीक्षा हवी तेवढी कठीण घ्यावी, पण परीक्षेला बसू द्यावे.

शेवटचे आवाहन या स्मरणिकेच्या वाचकांपैकी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकी जे आज नाशिक, पुणे, मुंबई किंवा परदेशात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत, त्यांनी आपल्या तालुक्याच्या अभ्यासकेंद्राशी संपर्क साधावा आणि महिन्यातला एक रविवार द्यावा. एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासा, एकाची मुलाखतीची तयारी करून घ्या, आपल्या कंपनीत जागा निघाली तर एकाचे नाव सुचवा. देणगीपेक्षा या तीन गोष्टींची आज अभ्यासकेंद्रांना जास्त गरज आहे. आपले नाव आणि देता येईल तो रविवार जवळच्या केंद्रसंयोजकांकडे नोंदवावा.